वेदरबीचा दुसरा कर्णा

३ मे १९८७, रविवार
हार्लन प्रुइट डोळ्यांमुळे क्लबच्या तपासनिसाची खुर्ची सोडतोय. बावीस वर्षं ओहायोतला कुठलाही जुना फोनोग्राफ अस्सल की बदललेला, हे त्याने सांगायचं आणि आम्ही माना डोलवायच्या. २० जूनच्या प्रदर्शनात नवा तपासनीस ठरेल. इच्छुकाने स्वतः पारखलेलं एक मशीन मांडायचं. इच्छुक दोन. मी आणि डेलोरेस व्हान्स. म्हणजे एकच.

८ मे
संकल्प: सहा आठवडे खरेदी बंद. फक्त अभ्यास. बायकोला, नेडीनला, तसं सांगितलं. तिने कॅलेंडरवर उद्याच्या तारखेला गोल केला.

९ मे
संकल्प मोडला नाही, वाकवला. शेतावरच्या लिलावात १९०४चा, वेदरबी कंपनीचा फोनोग्राफ मिळाला. अभ्याससाहित्य म्हणून घेतला. आणि काय नमुना! चक्क दोन कर्णे! वेदरबीने असलं मशीन काढलेलंच नाही. माझ्याकडे त्यांचे तीन कॅटलॉग आहेत (दोन पूर्ण). कुणा हौशी माणसाने पेटीला भोक पाडून दुसरा कर्णा बसवलाय. मी आठ फुटांवरून ओळखलं. डेलोरेस तिथेच होती. म्हणाली, ऑर्विल, निदान स्क्रू तरी बघ. म्हटलं, स्क्रू बघायची वेळ ज्यांना लांबून दिसत नाही त्यांच्यावर येते.

१६ मे, सकाळी ७.१०
योजना पक्की. मशीन मूळ रूपात आणायचं आणि तेच मांडायचं. खुर्ची खिशात.
दुसरा कर्णा काढला. हौशी माणूस पक्का चलाख. स्क्रू १९०४च्याच घडणीचे, गंजही बाकीच्यांइतकाच. कर्ण्याच्या दांडीवर मशीनचाच नंबर, त्याच छापात ठोकलेला. इतकी हुबेहूब नक्कल मी आजवर पाहिलेली नाही.

१७ मे
भोकात ओक लाकडाचा तुकडा बसवला, कडक चहाने रंगवला. नेडीन म्हणाली, पेटीला चहा आणि मला नुसतं गरम पाणी. कलेसाठी घरात त्याग लागतो.

३० मे
वाजवून पाहिला. आवाज अर्धा झालाय. मूळचा असाच असणार. नेडीनच्या मते आधी बँड वाजायचा, आता शेजारी शिंकतोय.
डेलोरेसचा फोन. काढलेला कर्णा आणि दांडी हवीय, बदल्यात रुबार्ब पाय (घरी भाजलेली गोड पेस्ट्री) देते. तीनदा विचारलं, नक्की नकोत ना? नक्की, म्हटलं. हरणाऱ्याचं मन राखावं. पाय उत्तम होता.

१८ जून
भाषण तयार. नऊ मिनिटं, हशाच्या दोन जागा. नेडीन तिसऱ्याच जागी हसली. ती जागा काढली.

२० जून, दुपारी ४
क्लबच्या रीतीप्रमाणे मशीन मालकानेच सगळ्यांसमोर उपडं करायचं. मी झोकात केलं. हार्लनने पेटीच्या पोटावरून बोटं फिरवली, नाक लावलं आणि विचारलं, चहा कुठला? मी ब्रँड सांगितला.
मग डेलोरेसने तिच्या टेबलावरचं कापड उचललं. माझा कर्णा, माझी दांडी. शेजारी वेदरबी कारखान्याचं १९०४चं पत्र: नाचघरांसाठी दोन कर्ण्यांची अकरा मशीनं पाठवली आहेत, नंबर असे असे. हार्लनने मला माझ्या मशीनवरचा नंबर वाचायला सांगितला. आवाज खणखणीत लागला. यादीत तो सातवा होता.
म्हणजे हा उरलेल्यांतला एक, मी म्हणालो.
हार्लन म्हणाला, उरलेला हाच एक होता, ऑर्विल. मे महिन्यापर्यंत.
भाषण झालं नाही.
डेलोरेस एकमताने तपासनीस झाली. माझा हातही आपोआप वर गेला. तिने लगेच कामाला सुरुवात केली, पहिलं कार्ड माझ्याच मशीनचं. कंपनी: वेदरबी. स्थिती: बदललेलं. शेवटचा रकाना 'बदल कोणी केला' असा आहे. हार्लनने तो बावीस वर्षं कोराच ठेवला होता, कारण ते कधी कळतच नाही. डेलोरेसने माझ्या मधल्या नावाचं स्पेलिंग विचारून घेतलं.