दुसरं बटण

३ मार्च, सोमवार

रामिरोने आज हातोडा भिंतीवर भिरकावला! माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेला.

नोरा आली होती, रोजच्यासारखी सीमा ओलांडून, सॅन दिएगोहून. अपंगांसाठी घडीच्या खुर्च्या बनवणारा त्यांचा स्टार्टअप, माणसं पाच. खुर्च्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे कोपरे आम्ही इथे तिहुआनात, आमच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काढून देतो. तिने माप बघायला व्हर्नियर लावला नि मापात न बसणारे दोनशे कोपरे बाजूला सारले. "हे चालणार नाहीत." बस, एवढंच म्हणाली.

रामिरो माझा धाकटा भाऊ. तीस वर्षं प्रेसवर काढलेली. "कालची पोर मला शिकवणार?" म्हणत तिच्या देखत एकेक कोपरा चेचला. दोनशेच्या दोनशे. मग तो हातोडा. नोरा जागची हलली नाही.

६ मार्च, गुरुवार

नोराने प्रेसमधला साचा, डाय, नीट बसवून घेतली. माल छान येतोय, पण सावकाश. रामिरो धुमसतोय.

११ मार्च, मंगळवार

डेल्फिनाची दोन बोटं गेली.

दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही — हात आत राहू नयेत म्हणूनच तर ती सोय. माल भराभर निघावा म्हणून रामिरोने दुसरं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं होतं. सकाळी नोराने पट्टी फाडली. तिची पाठ वळताच त्याने पुन्हा लावली. मी पाहिलं! म्हटलं, आजचा माल निघू दे, मग बोलू.

डेल्फिना किंचाळलीसुद्धा नाही. म्हणाली, "एलोइसा, माझा हात बघ गं." एकोणीस वर्षं आहे आमच्याकडे. फडक्यात बोटं गुंडाळून मीच तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरने फडकं उघडलं आणि परत मिटलं. जोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

नोरा आली ती सरळ प्रेसकडे. वीज तोडली. "ही आता चालणार नाही."

"तुझ्या घाईपायी गेली तिची बोटं!" — रामिरो.

"घाई मी केली नाही. पट्टी तू लावलीस."

सगळे ऐकत होते. त्याने मोठा पाना उचलला. मी ओरडेपर्यंत पहिला घाव तिच्या मनगटावर बसलाही. हाडाचा आवाज — अजून कानात आहे. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याच्या आत दोघांनी त्याला खाली पाडलं, तर तिथूनही लाथा झाडत होता. तोंडाला फेस. मी त्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरले आहे. ओळखू येईना.

१३ मार्च, गुरुवार

इस्पितळात नोराच्या खाटेशी बसले. लाज सोडून बोलले. "पोलीस विचारतील. पडले म्हण. अकरा घरं आहेत या कारखान्यावर."

"तुझं धरून?"

"माझं धरून."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. संध्याकाळी पोलीस आले. म्हणाली, "जिन्यावरून पडले."

कारखान्याचं काम सुटलं नाही. आनंद झाला मला!

१६ मार्च, रविवार

रामिरोच्या अंगणात जेवण. बोकडाचा तिखट रस्सा, बिर्रिया, बियर, सगळं गणगोत. डेल्फिनाला आमंत्रण नव्हतं. तो छाती फुगवून सांगत होता — "सीमेपलीकडची माणसं लई शहाणी! मार खातात आणि वर जिन्याचं नाव सांगतात." पोरंसोरं हसली. भावजय हसली. मग त्याने पान्याचा घाव कसा घातला ते बरबटलेल्या हाताने करून दाखवलं.

मीही हसले. मागे जाऊन ओकले.

१८ मार्च, मंगळवार

पोलिसांत गेले. नोराला खोटं बोलायला मी लावलं, हे आधी सांगितलं. मग रामिरोचं नाव.

लिहून घेणाऱ्याने मान वर केली. "कोण लागतो तुमचा?"

"भाऊ. लिहा."