दोन दिवसांत सैल होईल

३ ऑगस्ट, सोमवार

गेलो शेवटी वकिलाकडे! सहा महिने आज-उद्या चाललं होतं. ह्यांनी आयुष्यात कधी कुणाशी भांडण केलं नाही, आणि मला तर शिक्का मारलेला कागद हातातही धरवत नाही.

वाटलं होतं कुणी जाडजूड, खाकरून बोलणारा असेल. निघाली आमच्या लेकीच्या वयाची! केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. ह्यांचा हात बघितला – वळलेली बोटं, वाळलेलं मनगट – पण हळहळली नाही. बरं वाटलं. सगळे हळहळून जातात आणि आम्हालाच त्यांची समजूत घालावी लागते. विचारलं, "काका, ह्या हाताने काय काय करायचात?"

"कापायचो," हे म्हणाले. संपलं!

मग मीच सांगितलं. हे कटिंग मास्तर. अख्खी गल्ली मास्तरच म्हणते, रागावले की मीसुद्धा. तीस वर्षं दुकान. मी काज-बटणं करते आणि मापं लिहून घेते – हे टेप लावून सांगतात, मी लिहिते. कात्रीला मात्र मला हात लावायची परवानगी नाही. आणि फेब्रुवारीत स्टुलावरून पडले, हाताची दोन्ही हाडं मोडली, इस्पितळात प्लास्टर घातलं, ते घट्ट झालं, कुणी बघितलं नाही, तिसऱ्या दिवशी कापलं तेव्हा आतला स्नायू मेला होता. हे सगळं मी एका दमात सांगितलं.

बाई म्हणाली, "मग?" मी म्हटलं, मग नंतर ऑपरेशन. "नंतर म्हणजे किती वाजता?" कुणी म्हटलं घट्ट आहे? कुणाला म्हटलं? ती व्यक्ती उभी होती की बसलेली? दीड तास 'मग? मग?' घरी येताना ह्यांनी नाव ठेवलं – मगबाई. किती दिवसांनी विनोद केला!

पण साफ बोलते. "हात गेला म्हणून डॉक्टर दोषी, असं होत नाही. सगळं नीट करूनही कधी कधी बिघडतं. जे बघायला हवं होतं ते त्यांनी बघितलं नाही, आणि त्यामुळेच हात गेला – दोन्ही दाखवावं लागेल." मग ह्यांना विचारलं, "काका, तुम्हाला नक्की काय हवंय?"

हे म्हणाले, "मी सांगत होतो घट्ट आहे. एवढं त्यांनी मान्य करावं. मी सांगत होतो."

मी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसले.

४ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून कात्रीला तेल देतायत. डाव्या हाताने. कापायचं काहीच नाही!

८ ऑगस्ट, शनिवार

इस्पितळाची फाइल मिळाली. मगबाईने अर्ज लिहून दिला होता – संपूर्ण फाइल मागायची, तो पेशंटचा हक्कच आहे, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. तरी आधी ह्या खिडकीतून त्या खिडकीत नाचवलंच. साहेब जेवायला गेलेत. साहेब मीटिंगमध्ये आहेत. शेवटी हे, जे हॉटेलात चहा गार आला तरी बोलत नाहीत, ते म्हणाले, "पोच द्या. मी इथे बसतो." आणि बसले! साहेब पाच मिनिटांत उगवले.

दुकानात आणून कटिंगच्या टेबलावर पानं मांडली. १० फेब्रुवारीचं पान मी वाचून दाखवलं. दुपारी तीनची नोंद – 'रुग्ण आरामात. तक्रार नाही.'

"पुन्हा वाच," म्हणाले. वाचलं. "पुन्हा."

मग हसले. "मी आरामात होतो म्हणे!" आणि पाणी प्यायला मागच्या खोलीत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी गेले नाही मागून. काय तोंड घेऊन जाऊ?

१२ ऑगस्ट, बुधवार

मगबाईकडे. तिने भिंतीवर लांबलचक कागद चिकटवलाय, त्यावर ते तीन दिवस तासातासाने आखलेत. सोमवारी प्लास्टर. मंगळवारी दुपारी तीनला 'तक्रार नाही'. आणि तिथून थेट बुधवारी सकाळी आठला मोठे डॉक्टर, धावपळ, प्लास्टर कापलं. मधे सतरा तास कोरे.

"केस ह्या भोकात आहे," म्हणाली. "काका, मंगळवारी संध्याकाळी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना कुणी कळवलं का?"

"मला झोप लागली होती," हे म्हणाले. चटकन. पंख्याकडे बघत.

खरंय, तेव्हा भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून पडले होते. मला माहीत आहे, मी तिथेच होते.

मी तिचं बोलणं ह्याच वहीत टिपून घेत होते. तिची नजर पडली. "काकू, हे रोज लिहिता की काय?"

मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "छे छे, दुकानाची मापं असतात त्यात."

गंमतच! पण मला सुटल्यासारखं झालं. आणि लगेच लाजही वाटली. तीस वर्षांत ह्या माणसाने माझी वही उघडून बघितली नाही. मापंच वाटत असतील बिचाऱ्याला.

१३ ऑगस्ट, गुरुवार

आज मागची पानं उलटली. सहा महिने ते पान टाळत होते. इथे पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे मला पळता येणार नाही.

'१० फेब्रुवारी. सकाळपासून एकच घोशा – घट्ट आहे, बोटं बधिर झालीत. मी म्हटलं, अहो नवीन आहे, दोन दिवसांत सैल होईल. सव्वाचारला सिस्टर आल्या, बोटं दाबून बघितली, म्हणाल्या, निळी वाटतात, डॉक्टरांना विचारते. मी म्हटलं, राहू द्या हो, ह्यांना सवयच आहे, ह्यांना स्वतःच्या शर्टाची कॉलरसुद्धा आठवडाभर टोचते! सिस्टर हसल्या. मी डबा आणायला घरी आले.'

दोन दिवसांत सैल होईल! दुकानातलं वाक्य. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून म्हणतं घट्ट होतंय, आणि मी न बघताच म्हणते, नवीन आहे ना, दोन दिवसांत सैल होईल. आणि होतंही! तीस वर्षांत एकदाही खोटं ठरलं नाही. तेच नवऱ्याच्या हाताला सांगितलं मी. आणि सिस्टर निघाली होती डॉक्टरांना विचारायला, तिला हसवून थांबवलं.

ह्यांना हवंय काय, तर 'मी सांगत होतो' हे कुणीतरी मान्य करावं. पहिलं मीच नको का करायला?

१७ ऑगस्ट, सोमवार

काही नाही. डोकं दुखतंय.

२० ऑगस्ट, गुरुवार

आज नवलच झालं. मुख्याध्यापिकाबाई कापड घेऊन आल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमच्याशिवाय दुसऱ्याचं मला बसतच नाही." हे नाही म्हणायच्या बेतात होते. मग माझ्याकडे बघितलं, आणि कात्री उचलून माझ्यासमोर ठेवली. ती कात्री!

"अहो, मला नाही जमायचं."

"मी सांगतो. तू काप."

डाव्या हातात खडू धरून त्यांनी रेघ आखली. वाकडी आली, पुसली, पुन्हा आखली. मग माझ्या मागे उभे राहिले. "हं. सरळ. एक सूत आत. घाबरू नकोस, कापडाला कळतं." कानाशी त्यांचा श्वास. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि लाजले मी, खरं सांगते!

बगलेत जरा चुकलं. मला वाटलं आता ओरडतील. म्हणाले, "शिलाईत जाईल."

इतका चांगला माणूस. त्याच्यापासून मी एक पान लपवून ठेवलंय.

२६ ऑगस्ट, बुधवार

मगबाईने फाइल दुसऱ्या गावच्या हाताच्या एका डॉक्टरांना दाखवली होती. ह्या इस्पितळाशी त्यांचा संबंध नाही, म्हणूनच त्यांना. त्यांचं लेखी मत आलं – मंगळवारी संध्याकाळपर्यंत प्लास्टर कापलं असतं तर हात वाचायची शक्यता मोठी होती.

हे मान खाली घालून ऐकत होते. वळलेल्या बोटांवरून डाव्या हाताचा अंगठा फिरवत.

"आता एकच उरतं," मगबाई म्हणाली. "त्या संध्याकाळी डॉक्टरांपर्यंत गोष्ट पोचली होती का? पोचूनही ते आले नसतील, तर केस पक्की उभी राहते. वॉर्डातून फोन गेला असेल तर त्याची नोंद मागवता येईल. पण कुणी सांगायला तर हवं, फोन झाला म्हणून! तेव्हा ड्यूटीवर असलेल्या सिस्टर नोकरी सोडून गेल्यात. बघते शोधून. पुढच्या आठवड्यात नोटीस धाडायची, मुदतीचं काम आहे."

फोन कुठून जाणार? मीच अडवला होता. ह्यांची केस माझ्या तोंडाने बुडणार.

हे म्हणाले, "नाही सापडल्या तर राहू दे वकीलबाई. आजवर निभावलंय."

राहू दे? ज्यांनी खिडकीसमोर बसून पोच घेतली, ते राहू दे म्हणतात?

२८ ऑगस्ट, शुक्रवार

बटणं आणायला म्हणून निघाले आणि मगबाईकडे गेले. वही तिच्यापुढे ठेवली. तिने वाचलं. पेन्सिल केसांतून काढली, पुन्हा खोचली.

"मग?"

"मग काय मग! मी सांगतेय ना, मीच थांबवलं! माझ्यामुळे गेला हात!" आणि रडले. शी! इतक्या तरण्या पोरीसमोर. तिने पाणी दिलं, खुर्ची माझ्या बाजूला ओढून बसली.

"काकू, ब्लाउज घट्ट झाला तर कुणाचा हात जातो का?"

"नाही."

"म्हणून तुम्ही तसं बोलू शकता. प्लास्टर घट्ट झालं तर जातो, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? त्यांना शिकवलेलं असतं. बायको काय म्हणते त्यावर निळी बोटं सोडायची नसतात. ते बघायचं काम त्यांचं होतं, तुमचं नाही."

"मग समोरचा वकील काही बोलणार नाही?"

"बोलणार. ह्या ओळीवर बोट ठेवून तुम्हाला उभं करणार. खोटं कशाला सांगू?"

मी हळूच विचारलं, पान फाडलं तर?

"तर मी तुमचं काम सोडेन." एवढ्या थंडपणे म्हणाली की मी गारच झाले. मग जरा मऊ झाली. "अहो, ह्याच पानावर वेळ आहे. सिस्टरनी बोटं निळी बघितली, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. हे पान तुम्हाला बोचतंय, पण काकांच्या बाजूने बोलणारं आजवर हेच एक पान मिळालंय मला."

दारापर्यंत सोडायला आली. "दावा काकांचा आहे. हे पान पुढे करायचं की नाही ते ठरवतील. पण त्यांना हे माझ्या तोंडून कळता कामा नये. काकू, तुम्ही सांगा."

बटणं आणायची राहिलीच!

३० ऑगस्ट, रविवार

सांगणार होते. सकाळी चहा घेताना – नाही जमलं. दुपारी त्यांच्या हाताला तेल चोळून देताना तोंड उघडलंसुद्धा. "काय गं?" म्हणाले. मी म्हटलं, "नखं वाढलीत."

कापून दिली. पाचही बोटांची, एकेक हळूच उघडून. हात माझ्या मांडीवर ठेवून डुलकी लागली त्यांना. किती विश्वासाने झोपले होते!

१ सप्टेंबर, मंगळवार

बोलून होणार नाही माझ्याच्याने. ही वही कटिंगच्या टेबलावर ठेवतेय, १० फेब्रुवारीचं पान उघडून, वर कात्री ठेवून, म्हणजे उडणार नाही. मी बटणं आणायला जाते. ह्या वेळी खरंच.

पुढची-मागची सगळी पानं वाचली तरी वाचू देत. रागावले तर रागावू देत. नाही बोलले माझ्याशी तरी चालेल, पण त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, हे त्यांना माझ्याकडूनच कळू दे.

जाते.

१ सप्टेंबर

हे मी लिहितोय. डाव्या हाताने. अक्षराला हसायचं नाही.

मी झोपलो नव्हतो. तू म्हणालीस ते ऐकलं होतं. तू डब्याला गेलीस, आणि सिस्टरने तरीही दारातल्या फोनवरून डॉक्टरांना सांगितलं, बोटं निळी आहेत. मग म्हणाली, बरं, सकाळी बघू म्हणता तर सकाळी.

फोनचं सांगायचं तर आधीचं तुझं बोलणं सांगावं लागलं असतं. म्हणून झोपलो होतो म्हटलं.

कॉलर टोचतेच गं.

उद्या जाऊ मगबाईकडे. मी सांगतो, तू लिहून घे.