सुरईच्या मापाचे अंगडे

जळगाव, ५ फेब्रुवारी १९३९
धुळ्याहून जावयांचे कार्ड. कुंदाला मुलगा झाला. दोघे खुशाल. म्हणजे मी आजोबा.
पहिले बाळंतपण माहेरी करायचे, असा रिवाज. पण विहीणबाई इंदिराबाई मागेच म्हणाल्या होत्या, "शास्त्रीबुवा, तुमच्या घरात करायला बाई कोण आहे?" प्रश्न शुद्ध होता. उत्तर सुचले नाही. त्याचे मला काही वाटले नाही. आज जेवलो नाही, ते भूक नव्हती म्हणून.

७ फेब्रुवारी
उत्तर सुचले! बाळाचे अंगडे आजोळचे असते. ते मी स्वतः शिवणार. ज्या घरात अंगडे शिवले जाते त्या घरात बाळ राहू शकते. अनुमान निर्दोष. विहीणबाईंना कबूल करावेच लागेल. मग चैत्रात कुंदा महिनाभर माहेरी.
पाळण्याच्या कड्यांना तेल दिले.

९ फेब्रुवारी
रतिलालच्या दुकानातून गंजीफ्रॉकचे कापड आणले. विणीचे. साधे कापड आडमुठे असते. हे ताणले की ताणते, सोडले की मुकाट्याने परत येते. माझ्या वर्गात असा एकही विद्यार्थी नाही.
रतिलाल म्हणाला, "मास्तरसाहेब, आ कापड घरच्या मशीनवर लई मस्ती करे. तयार घेऊन जाव ने." त्याला म्हटले, तयार वस्तूत ज्ञान नसते. तो हसला. व्यापारी माणूस.

१० फेब्रुवारी, सकाळ
हिचे मशीन उघडले. ती होती तेव्हा मी नुसता हात लावला तरी ओरडायची. आज कोणी ओरडले नाही. थोडा वेळ थांबून पाहिले.
सुईत दोरा ओवणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. कापड कापले की कडा आपोआप गुंडाळतात, जन्मपत्रिकेसारख्या.

१४ फेब्रुवारी
बाळाचे माप मागवले होते. इंदिराबाईंचा निरोप, जावयांच्या अक्षरात: तान्ह्या मुलाचे माप घेत नसतात, वाढ खुंटते.
धुळ्यासारख्या शहरात ही समजूत! साप्ताहिकाला जळगावचे बातमीपत्र पाठवतो, त्यात खरमरीत लिहिणार होतो. अर्धे लिहिलेही. मग वाटले, खरेच खुंटली तर? फाडले.
माप अनुमानाने काढीन.

१५ फेब्रुवारी
शेजारच्या भिकुबाईला विचारले, दोन महिन्यांचे मूल केवढे असते. (नशिराबादकडे यांची केळीची बाग आहे. सहा मुले वाढवली. म्हणजे तज्ज्ञ साक्षीदार.) तिने हाताने दाखवले, मग माझ्या कोपऱ्यातल्या सुरईकडे बोट केले. "हाई एवढं, भाऊ. पोट बी अशेच."
सुरई! पोट, खांदे, मान, सगळे यथास्थित. रडत नाही, हलत नाही. आदर्श मूल.

२० फेब्रुवारी
पहिली ट्रायल. गळ्याला अव्याप्ती, घेराला अतिव्याप्ती. म्हणजे मान आवळते आणि पोटाशी लोंबते. दोष कापडाचा.

२७ फेब्रुवारी
ताणले की शिवण तुटते. 'तट' असा आवाज होतो. कापड ताणते, दोरा ताणत नाही. विजोड लग्न.
उपाय सापडला: ताणायचे नाही.

१२ मार्च, दुपार
यश! वरून घातले, सर्रकन खाली उतरले. गळा सुरईच्या मानेला असा बसला की बोट शिरत नाही. याला म्हणतात फिटिंग.
भिकुबाईला बोलावून दाखवले. तिने सुरईला चारही बाजूंनी पाहिले. "भाऊ, बठ्ठं बेस शे. पन पोऱ्याले डोकं बी ऱ्हास ना!"
म्हणे पोराला डोकेही असते! टीका करणे सोपे असते. कापड ताणते, हे तिला कुठे माहीत?

२५ मार्च
मोठी बातमी. इंदिराबाई मुक्ताबाईच्या दर्शनाला एदलाबादेस निघाल्या आहेत. कुंदा आणि बाळ बरोबर. नऊ एप्रिलला दुपारी इथे उतरतील. कळवतात, "घर पाहू, आणि जमणार असेल तर कुंदाला तिथेच ठेवू."
जमणारच. शिऱ्याचा सराव सुरू.

८ एप्रिल
घर झाडले. शिरा लागला, पण वरचा भाग उत्तम. पाळणा टांगला. एकदा रिकामाच हलवून पाहिला. कड्या वाजत नाहीत.

९ एप्रिल, संध्याकाळ
आले. बाळाला डोके आहे. चांगले मोठे. आमच्या घराण्याचे.
टेकल्या टेकल्या इंदिराबाई म्हणाल्या, "आणा बघू, आजोळचं अंगडं." कुंदाने घातले. कपाळापर्यंत आले आणि थांबले. आतून आकांत. मी म्हणालो, ताण, ते ताणते. तिने ताणले.
तट.
"अहो शास्त्रीबुवा, गुदमरेल की लेकरू! काढ गं आधी!"
काढले. तोवर बाळाने स्वतःला, आईला आणि माझ्या सतरंजीला भिजवले होते. त्यांचे गाठोडे स्टेशनावरच ठेवलेले. कुंदा उठली, दोरीवरचा माझा जुना गंजीफ्रॉक ओढला आणि त्याला त्यातच गुंडाळले. तो गप्प झाला. मग झोपला. पाळण्यात नव्हे, तिच्या मांडीवर.
"पाहिलंत? लेकराला जुनंच मऊ लागतं," इंदिराबाई म्हणाल्या.
कुंदा म्हणाली, "नाना, याला तुमचा वास येतोय."
मी खिडकीबाहेर पाहिले. काही विशेष नव्हते.
इंदिराबाईंनी चूल पाहिली, करपलेले पातेले पाहिले, पाळण्याला बोट लावून पाहिले. "पुढच्या खेपेला पाहू. आता ऊनही फार आहे." कुंदा माझ्याकडे पाहत होती. "ऊन खरेच फार आहे," असे मीच म्हणालो. का म्हणालो, कळत नाही. शिष्टाचार असावा.
गाडीपर्यंत गेलो. गंजीफ्रॉक बाळाच्या अंगावरच राहिला. परत मागणे बरे दिसले नसते.

१२ एप्रिल
तत्त्वतः प्रयोग यशस्वी. घरातला कपडा बाळाच्या अंगावर बसला, हे इंदिराबाईंनी स्वतः पाहिले. पुढच्या खेपेसाठी गळा मोठा करायचा.
तूर्त तुटलेली शिवण हाताने घातली आणि अंगडे सुरईला चढवून ओले केले. भिकुबाई म्हणाली, "आते शोभस, भाऊ. पानी गार ऱ्हाई."
राहते. फार गार राहते. काल सकाळी भरली होती. पिणारा एकच. आज संध्याकाळ झाली तरी सुरई अर्धी आहे.