पोट सैल सोड

कळंब,
सोमवार, १२ जानेवारी २०२६

चि. सौ. सोनी,

तुला आणि पोटातल्याला ताईचा भरभरून आशीर्वाद. रूपेशरावांना नमस्कार सांग, सासूबाईंनाही. इकडे आम्ही दोघी ठीक. आईचा गुडघा थंडीने कुरकुरतोय, पण तोंड चालू आहे, म्हणजे तब्येत उत्तम समजायची.

फोन सोडून कागद का घेतला म्हणशील. फोनवर तू "हां ताई, बरं ताई" म्हणतेस आणि दुसऱ्याच मिनिटाला फोन सासूबाईंच्या हातात देतेस. मग मी शिळफाट्याच्या थंडीची चौकशी करत बसते. म्हणून हे पत्र. एकटी असशील तेव्हाच वाच.

आधी कामाचं. तुझी खोली तयार आहे. आतली खोली मी स्वतः रंगवली, छत सोडून. बाज खिडकीपासून लांब घेतली, खिडकीला जाळी ठोकून घेतली, शेगडीसाठी कोपरा मोकळा केला. न्हाणीची पायरी निसरडी होते म्हणून तिच्यावर गोणपाट टाकलंय. आई रोज जाऊन बघते आणि रोज एक खोट काढते. संक्रांत झाली की ती तुला आणायला येईल.

ती माझी खोली होती म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. माझी म्हणजे दुपारपुरती माझी. तिथे मी काय करत असते ते आईने तुला सांगितलं असेलच, तिच्या पद्धतीने. आता माझ्याकडून ऐक.

मी बेली डान्स शिकते. हसून घे आधी.

झालं असं, दिवाळीच्या आधी आमच्या रिसॉर्टवर मुंबईच्या बायकांचा एक गट उतरला होता. त्यांना शिकवायला देवयानी मॅडम म्हणून एक बाई आल्या होत्या. मी टॉवेल द्यायला हॉलमध्ये गेले, तर त्या म्हणाल्या, "एक जण झोपलीय, तिच्या जागी उभी राहतेस का?" मी रिसेप्शनच्या कुर्त्यातच उभी राहिले. बरगड्या डावी-उजवीकडे न्यायच्या आणि कंबर जागेवर ठेवायची, एवढंच होतं. मॅडम माझ्यापाशी येऊन थांबल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "हिच्याकडे बघा." सोनी, माझ्याकडे बघा असं कोणी म्हटल्याला किती वर्षं झाली असतील! मी त्या रात्री जेवताना एकटीच हसत होते, आणि आईला वाटलं मला ताप आलाय.

जाताना त्यांनी नंबर घेतला. दर आठवड्याला एक व्हिडिओ पाठवतात, अधूनमधून व्हिडिओ कॉल करून चुका काढतात. त्यांचं एकच पालुपद. नाच क्लासमध्ये येत नाही, घरी येतो. थोडा कर, पण रोज कर. वेळ आणि जागा एकदा ठरवून टाक, म्हणजे रोज मनाला विचारत बसावं लागणार नाही.

बोलायला काय जातं! आपल्या घरात रोज म्हणजे केवढं कठीण. पहाटे करायला गेले तर पाणी यायची वेळ. संध्याकाळी बघितलं तर आईची मालिका, आणि जाहिरात लागली की ती मला बघायला येणार. शेवटी दुपार सापडली. सकाळची ड्यूटी उरकून घरी यायचं, जेवायचं, भांडी घासायची, तोवर आईचा डोळा लागतो. मग आतल्या खोलीचं दार लोटायचं, चपला बाहेर, ओढणी कमरेला घट्ट गाठ मारून, कपाटाच्या आरशासमोर. आधी मान, खांदे, घोटे मोकळे करायचे. मग कमरेने आठचा आकडा काढायचा, अगदी सावकाश, चुकलं तर तिथेच थांबून पुन्हा. मग त्या आठवड्याचं नवीन काहीतरी. आणि सगळ्यात शेवटी एक गाणं लावून नुसतं नाचायचं. तेव्हा आरशात बघायचं नाही, चूक काढायची नाही. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि कालचं रेकॉर्डिंग आज बघते. पहिल्या आठवड्यातली मी बघशील तर वाटेल कोणीतरी चिखलातून पाय काढतंय.

मॅडमनी नाण्यांचा पट्टाही दिलाय कमरेला बांधायला. पण त्याचा आवाज असा, की आई काय, अख्खी आळी जागी व्हायची. त्यामुळे शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की मगच तो बांधायचा. ज्या दिवशी अगदी नको वाटतं त्या दिवशी मॅडम म्हणतात, नुसती ओढणी बांधून उभी राहा, बाकी काही करू नकोस. तशी उभी राहिले की बहुतेक वेळा पाय हलतातच. काही वेळा नाही हलत. तेव्हा तशीच खाली बसते.

आता ज्या गोष्टीपाशी थांबायला होतं तीही लिहिते. या नाचात पोटातून एक लाट काढायची असते, वरून खाली. बाकी सगळं मला पटापट आलं, ही लाट काही केल्या येईना. मॅडमनी कॉलवर बघितलं आणि म्हणाल्या, "नम्रता, तू पोट आत ओढून धरलंयस. सैल सोड. आधी सैल, मग आवळ." मी म्हटलं, सोडलंय की. त्या म्हणाल्या, "हात ठेवून बघ." हात ठेवला तर खरंच दगडासारखं घट्ट. उभी असताना, चालताना, काउंटरवर हसताना, झोपेतसुद्धा मी ते आवळून धरत असणार, आणि मला पत्ता नाही. तीन वर्षं झाली, सोनी.

मग रोज जमिनीवर उताणी पडून, पोटावर दोन्ही हात ठेवून नुसता श्वास घ्यायचा, हा धडा सुरू झाला. दत्तजयंतीच्या सुमारास एका दुपारी ते सुटलं. आतून काहीतरी खाली बसल्यासारखं झालं आणि मला असं रडू फुटलं की मीच घाबरले. गिरणी चालू होती म्हणून बरं. लाट आली त्या दिवशी. सुंदर आली. पण पोट सैल पडलं तेव्हा ते किती रिकामं आहे तेही कळलं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लोटून उभी राहिले. दिवसभरात तेवढाच वेळ मला तिच्याजवळ गेल्यासारखं वाटतं, आणि तो मला सोडवत नाही.

गेल्या गुरुवारचं सांगते. आई म्हणाली, डोळे दाखवायला कर्जतला जाते, संध्याकाळ होईल. घर मोकळं मिळालं म्हणून मी नाण्यांचा पट्टा बांधला, केस सोडले आणि डोळे मिटून कमरेची थरथर करत होते. ती एकदा लागली की अख्खं पोट हलतं. खिडकीत आवडीकाकू, विरजण मागायला आलेल्या. त्या गेल्या ते हळदकुंकू आणि नारळ घेऊनच परत आल्या. मी डोळे उघडले तर काकू माझ्यासमोर हात जोडून बसलेल्या.

"आई, माजी शेळी परवापासून घरला नाय आली गं. कुनी नेली सांग."

मला हसू आवरेना. म्हटलं, "काकू, मी नम्रता. हा नाच आहे."

"नाच असा असतोय व्हय? नुसतं पोट हालतंय नि पाय जागंवर? मला नको शिकवू. अंगात आलं की मला कळतंय." मग माझ्या कपाळाला कुंकू लावता लावता हळूच म्हणाल्या, "आनि येनारच गं. आज धाकटीची ओटी भरत्यात नि थोरलीला घरी ठिवली. देवी कोपनार नाय तर काय."

"कोणाची ओटी, काकू?"

काकूंनी जीभ चावली. "तुला नाय ठाव? तुजी आय विमल तर सकाळीच गेली ना शिळफाट्याला, डोहाळजेवनाला."

मला आईने सांगितलं होतं, तुमच्याकडे सुतक आलंय म्हणून डोहाळजेवण करणार नाहीत.

काकू गेल्या. त्यांची शेळी संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली. त्यामुळे माझ्या अंगात येतं यावर आता गावात कोणालाच शंका उरलेली नाही! रिसॉर्टचा माळीसुद्धा मला वाकून नमस्कार करतो.

आई घरी पोचायच्या आधीच तिला वाटेत सगळी बातमी लागली. आत येऊन ती माझ्याकडे न बघता पिशवी रिकामी करत राहिली. मीही डोळ्यांच्या डॉक्टरचं काही विचारलं नाही. मग तिनेच सुरुवात केली.

"बाळंतिनीच्या घरात असलं काय नको गं. विलासमामानी माथेरानला हाटेलात सांगून ठिवलंय. ऱ्हायला खोली देत्यात. सवा म्हैना जा, मंग ये."

"आई, तो नाच आहे."

"मला ठाव हाय नाच हाय त्ये. लोकांला नाय ना ठाव." रिकाम्या पिशवीची घडी घालत म्हणाली, "तुजी नजर वाईट हाय असं नाय गं म्हनत मी. पन माजा जीव घाबरतो. हिचं तरी नीट पार पडू दे."

ती रडत होती. मी हो म्हटलं. शनिवारी वर जाते. खोलीत आणखी एक बाई असेल, अंबूबाई म्हणून, खानावळीत काम करते. तिच्या ड्यूटीच्या वेळेत मला खोली मिळेल. मॅडम म्हणाल्या, जागा बदलली तरी वेळ मोडू नकोस. नाही मोडणार.

मी रागावले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. रागावले. त्या दुपारी पट्टा भिंतीवर फेकला, त्याची नाणी अजून सापडतात. हिरवी साडी नेसून तू पाटावर बसलेली, आळीतल्या बायका एकेक करून तुझी ओटी भरताहेत, हे मी डोळ्यांसमोर आणत बसले. तुझी वेणी घालायचा मान माझा होता. लहानपणापासून तुझी वेणी मीच घातली. पण राग दोन दिवसांत गेला, कारण खरी गोष्ट माझ्या लक्षात आली. आई अपशकुनाला घाबरते. तू नाही घाबरत. तू मला घाबरतेस, मी एक प्रश्न विचारेन म्हणून.

सोनी, टाके काढायला गेले तेव्हा नर्सबाई सहज बोलून गेल्या होत्या. "तुमच्या बहिणीने किती वेळ छातीशी धरली होती, देतच नव्हती." तू तिला धरलंस तेव्हा मी भुलीत होते. शुद्धीवर आले तोवर हिरामण आणि त्यांचे वडील तिला मातीत ठेवून परत आले होते. आईने बघायचं नसतं, जीव गुंततो, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. नऊ महिने तिने माझ्या बरगडीला लाथा मारल्या, आणि जीव म्हणे बघितल्यावर गुंतणार होता! मुलगी होती, एवढंच मला सांगितलं. दोन महिन्यांनी विश्रांतीसाठी म्हणून सासरच्यांनी मला इथे सोडलं, ते न्यायला कोणी आलं नाही. मी हिरामणना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, गुंडाळलेली होती, मी नाही उघडून बघितलं.

म्हणजे तिला डोळे भरून पाहिलेली तू एकटीच. आणि त्या दिवसापासून तू माझ्याकडे नीट बघत नाहीस. सुट्टीला आलीस की ओसरीवर झोपायचीस. लग्नात माझ्या गळ्यात पडलीस ती तोंड फिरवून. मला कळत होतं, तुझ्या जिवाला ते झेपत नाही. म्हणून मी तीन वर्षं नाही विचारलं.

आता मात्र विचारते, कारण वेळ कमी आहे. तुझं सगळं नीट होणार आहे. तुझं बाळ तुझ्या कुशीत येईल आणि मग तुझ्या डोळ्यांत त्याचाच चेहरा राहील. तसंच व्हायला हवं. पण माझ्या लेकीचा चेहरा तुझ्याशिवाय कुठेच नाही. तो पुसट व्हायच्या आधी मला सांग.

केस होते का तिला? नाक कोणाचं होतं? कपाळ आपल्या अण्णांसारखं मोठं होतं का? बोटं कशी होती, मूठ मिटलेली होती का उघडी? तुझ्या हातात आली तेव्हा गार होती, की अजून थोडी ऊब होती? मला बरं वाटावं म्हणून गोड करून लिहू नकोस. जसं होतं तसं लिही, माथेरानच्या पत्त्यावर (तो पाकिटामागे लिहिलाय), चार ओळी झाल्या तरी चालतील.

मी सवा महिना काय, तुम्ही म्हणाल तितके दिवस वर राहीन. तुझ्या बाळाला तू बोलावशील तेव्हाच बघेन, घाई करणार नाही. मला माझ्या मुलीला एकदा बघायचंय.

जपून राहा. जिना चढताना कठडा धर.

तुझी ताई,
आणि जिला तू छातीशी धरलंस तिची आई,
नम्रता