नदीकाठचं घर

दादा,

तू सुचवलेला गोदाकाठचा तो फ्लॅट आम्ही नाकारला, तेव्हापासून तू बोलत नाहीस.

मी आणि हर्षल भर पावसात तिथे जाऊन आलो होतो. तळमजल्यावरच्या रोशनबी म्हणाल्या, "पाणी चढलं की सामान टाकून निघायचं, बेटा. आदत हो गई." महापालिकेच्या नकाशातही ती इमारत पूररेषेच्या आतच होती. तुला सांगितलं, तर तू हसलास. "बाल्कनीतून गोदामाई दिसते, आणि तुला नाशिक रोडची गल्ली हवी?" मग हट्टाने तिथेच, तळमजल्यावर, तू स्वतःचं पहिलं घर घेतलंस.

काल धरणातून पाणी सोडलं. आज वहिनीचा फोन आला. "वन्सं, घरात कमरेएवढं पाणी आहे. आम्ही शाळेत येऊन बसलोय. मी कळवलं हे यांना सांगू नका."

आमचं बरोबर ठरलं, याचा आनंद होईल असं वाटायचं. नुसता थकवा आलाय, दादा.

आमच्या खिडकीतून समोरची भिंतच दिसते. पण घर कोरडं आहे.

काहीही लिहायला घेतलं की 'मी म्हटलं होतं ना' हेच उमटतंय. म्हणून हे पत्र पाठवत नाही. हर्षल गाडी काढतोय. तू चिडलास तरी मी तुम्हाला न्यायला येतेय.

तुझी धाकटी,
वेदिका