राजाची मिशी

४ नोव्हेंबर
स्टुडिओ रिकामा करायला घेतला. काचवाला शनिवारी येणार. बापाच्या काळच्या निगेटिव्ह, सगळ्या काचेवरच्या – तो खरवडून खिडक्यांना बसवणार. सूनबाई म्हणते, "बाबा, एकदा बघा तरी!" बघायचंय काय? बापानं गावभरचे फोटो काढले, आईचा एक नाही. लहानपणीच शोधून दमलो.

५ नोव्हेंबर
बघितल्या. नाटकवाल्यांच्या काचा. नट्या सगळ्या बाप्ये! प्रत्येकाच्या गळ्याची घाटी बापानं शिसपेन्सिलीनं बुजवलेली – निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की फोटोत ती जागा उजळते. रेघ केसाहून बारीक. मीही जन्मभर हेच केलं, पण हा हात! तोंडात बोट घातलं. एक नट असा काही लाजलाय, की मी आपला सदऱ्याचं बटण लावून घेतलं.

६ नोव्हेंबर
एक राजा सापडला. कमरेला तलवार, छाती पुढं. नाकाखाली काच ओरखडलेली. उंदराचं काम असणार. सवयीनं पेन्सिल घेतली, ओरखडे भरले. उद्या छापतो.

७ नोव्हेंबर
छापला. मिशी गेली!
ओरखडे नव्हतेच ते. बापानं सुरीनं एकेक केस कोरला होता – कोरलं की फोटोत काळं उठतं. एवढं मला कळू नये? अक्कल गहाण टाकलेली.
आणि मिशीखाली बाई! तलवार तीच, नजर तीच. राजाचीच. बघतच राहिलो.
सूनबाई डोकावली. "अगंबाई! बाबा, ही तर तुमचंच तोंड घेऊन बसलीय!"
म्हटलं, चहा टाक.

८ नोव्हेंबर
मावशीकडं गेलो. नव्वदीची आहे, जीभ पंचविशीची. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. तिचा चेहरा ठाऊक असलेली आता ही एकटीच.
फोटो जवळ धरला, लांब धरला. म्हणाली, "मेल्या, ताईची मिशी कुठं घालवलीस?"
"मावशी, ही आई?"
"मग काय तुझा बाप? नाटकात राजाच व्हायची ती. तुझा बाप म्हणायचा, साडी नेसून एक फोटो काढू. ती म्हणायची, काढा, पण ती मी नव्हे. मग नाहीच काढला त्यानं."
परत येताना चप्पल मावशीकडंच राहिली.

९ नोव्हेंबर
काचवाल्याला वाटेला लावलं.
टर्पेंटाइनचा बोळा घेतला, काचेवरची माझी पेन्सिल पुसली. पुन्हा छापलं.
मिशी आली. आई आली.