कशेळकरांच्या पाळण्यातलं नाव

५ जानेवारी, रवि.
डोंबिवलीला जाऊन आले, निल्याकडे. प्राजूला आठवा लागलाय. चेहरा उतरलाय, पण पोट छान. आमच्या धाकट्या बंधुराजांनी मोबाइलमध्ये ढीगभर नावं काढून ठेवलीत. "ताई, आत्या तू. नाव तूच ठेवणार. पण आडनावाला शोभलं पाहिजे हं."

शोभलं पाहिजे म्हणे! कशेळकर. निम्मा श्वास आडनावच खातं. पुढे दोन अक्षरीच हवं. मृण्मयी कशेळकर म्हटलं की हजेरी घेता घेता तास संपायचा. काव्या कशेळकर, क वर क, भातात खडा लागल्यासारखं. सगळी मोठ्याने म्हणून बघितली. मुलांची नावं काढली तर प्राजू म्हणाली, ती राहू देत, लागणार नाहीत.

एकच नाव या आडनावाला बसलेलं. ते कुणी काढलं नाही.

६ जाने.
लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. रेवा. निल्या-प्राजूची पहिली, दोन वर्षांपूर्वीची. मीच ठेवलेलं, मीच पाळण्यात वाकून कानात सांगितलेलं. रेवा कशेळकर. सगळे म्हणाले, वा, काय फिट्ट बसलंय! पुरती दोन महिन्यांचीही नव्हती. दुपारी दूध पिऊन झोपली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही, असं होतं कधीकधी.

आईने तेव्हा माझ्याकडे एकदाच बघितलं. नाव मी ठेवलेलं ना. मिलिंद म्हणतो, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." नवऱ्यांना सगळं मनाचे खेळच वाटतं.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ द्यायला निल्याकडे गेलेले. आईने स्वयंपाकघरात गाठलं.
"वैशू, गोड नाव नको गं. गावाला पोर जगत नसलं की धोंडी ठेवायचे, दगडी ठेवायचे. दगडाला कोण नेतंय?"
मी हसले. "धोंडी कशेळकर! शाळेत पोरं काय करतील तिचं, ठाऊक आहे?"
"शाळेत जाईल तरी."


२ फेब्रु., रवि.
आज निल्याचं नवीन खूळ. नाव गॅलरीतून हाक मारून बघायचं. खरंय म्हणा, त्या बिल्डिंगमध्ये पोरं हाकांवरच वाढतात. निल्या ओरडला, "ईराऽऽ! ईरा कशेळकर, वर ये, अभ्यास कोण करणार?" खाली क्रिकेट खेळणारी पोरं हसायला लागली. मलाही आवडलं. सुटसुटीत आहे.

मग प्राजू उठली. कठडा धरून उभी राहिली.
"रेवाऽऽ. चल राजा, वर ये. अंधार पडला."

लख्ख ऊन होतं. खालच्या पोरांनी खेळ थांबवून वर बघितलं. समोरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. निल्या तिला हाताला धरून आत घेऊन गेला तर म्हणते कशी, "तीच येतेय. दुसरं नाव कशाला शोधताय?" अगदी शांतपणे. आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं.

त्यात एमआयडीसीतल्या केमिकलचा वास सुटलेला. घरी माजिवड्याला आले तरी नाकातून जात नव्हता.

९ फेब्रु.
आईचा फोन. प्राजूने माळ्यावरून पाळणा काढायला लावला. तोच. हॉलमध्ये टांगलाय.
"दुपारभर हलवत बसते गं. म्हटलं, रिकामा पाळणा हलवू नये. तर म्हणते, रिकामा कुठाय?"
लगेच निल्याला फोन करून म्हटलं, डॉक्टरांच्या कानावर घाल. "होईल गं नीट, बाळ आलं की." बाळ आलं की सगळं नीट! पुरुषांचं हे एक बरं आहे.

२० फेब्रु.
मुलगी. दोघी सुखरूप. निल्या फोनवर ढसाढसा रडला, मीही रडले, दुकानात, गिऱ्हाईकांसमोर. पेढे वाटले.
 मुलगीच झाली. प्राजू म्हणालेली तशी.

२३ फेब्रु., रवि.
बघून आले. एवढीशी मूठ, एवढीशी नखं, जावळ मात्र आमच्याकडचं. प्राजूने माझं मनगट पकडलं.
"ताई, बाहेर काय ओरडायचं ते ओरडा. पाळण्यात रेवाच सांगायचं. शपथ घ्या."
घेतली. ओली बाळंतीण, डोळे असे की नाही म्हणवेना.
निघताना निल्या जिन्यात आला. "ईरा फायनल ना? ते नाव नको गं ताई. मला ऐकवणार नाही परत."
त्यालाही हो म्हटलं. आता काय करू, डोंबल?

१ मार्च
सुचलं!! बारशाला बाळाच्या आधी वरवंटा घालतात की पाळण्यात! कुंची घालून, बाळासारखा नटवून. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. रेवा त्याच्या कानात सांगायचं. पाळण्यात सांगितलं, शपथ पाळली. आईचंही राहिलं, दगडाला कोण नेतंय? आणि बाळाच्या कानात ईरा. निल्या खूश. सगळ्यांचं सगळं.
वैशाली, अक्कल आहे हं तुला.

३ मार्च, सोम.
बारसं झालं. आई बाराव्या दिवसावर अडून बसली, त्यामुळे लोक रजा टाकून आले. घुगऱ्या छान झालेल्या.

वरवंट्याला रेवाची जुनी तांबडी कुंची घातलेली. प्राजूनेच. वर काजळाची तीटही लावलेली. मी वाकले. दगड गार होता. हळूच म्हटलं, रेवा. मग तो काढून बाळाला ठेवलं. कुर्रर्र, ईरा. बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की अजून दुखतेय. निल्या ओरडला, "ईरा कशेळकर!" टाळ्या. खरंच चांगलं वाटलं आडनावाबरोबर.

मला वाटलेलं, प्राजू चिडेल. ती अगदी पाळण्याला खेटून बसलेली. जवळ येऊन म्हणाली, "ऐकलं मी. दोघींचं ऐकलं. थँक्यू ताई." आणि हसली. किती महिन्यांनी.
तेव्हा बरं वाटलं. आता लिहिताना वाटतंय, दोघींचं?

१० मार्च
आईचा फोन. मिक्सर बिघडलाय म्हणून पाटा काढला तर वरवंटा गायब. "बारशाच्या गर्दीत उचलून नेला की काय कुणी?" म्हटलं, वरवंटा कोण चोरतंय? ओट्याखाली बघ, भांड्यांच्या मागे बघ.
नसणार तिथे. मला का वाटतंय असं?

१३ मार्च, होळी
संध्याकाळी सहज फोन लावला. प्राजूने उचलला. आई न् निल्या खाली होळीच्या पूजेला गेलेत. म्हटलं, ईरा काय करतेय?
"झोपल्यात दोघी."
"दोघी?"
"रेवा किती वजनदार झालीय ताई! पाळण्याची झोळी तिच्याच बाजूला कलते. मग ईरा घसरत घसरत जाते आणि अगदी अंगाखाली शिरते तिच्या. बहिणीला सोडतच नाही बघा."
"प्राजू, तो काढ पाळण्यातून. माझे आई, आधी काढ तो."
"हळू बोला ना. मी झोका देतेय. उठतील." ठेवला फोन.

परत लावला. उचलत नाही. आई उचलत नाही. निल्या उचलत नाही, खाली ढोल असणार, काय ऐकू येतंय त्याला. रिक्षावाला सिग्नलला अडकलाय म्हणतो. बसवत नाही, उभं राहवत नाही, म्हणून हे लिहितेय. दगडाला कोण नेतंय म्हणालेली आई. दगड नेतो का कुणाला, ते नाही विचारलं मी. उलट नाव ठेवून आले त्याचं, स्वतःच्या तोंडाने.

आली रिक्षा. निल्या, उचल रे फोन.